वहिनीने नाही म्हटलं त्यानंतर

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि मी नोकरी करते. दोन्ही गोष्टी एका दमात सांगते, कारण आजारी माणसाला लोक औषधाचं विचारतात, पथ्याचं विचारतात, एखाद्या देवाचा पत्ता सांगतात. पण एक तारखेला घरात पगार किती येतो आणि घरातलं कोण कुणाशी बोलेनासं झालंय, हे सहसा कुणी विचारत नाही. मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

आजाराचं नाव आयजीए नेफ्रोपॅथी. आपल्याच शरीरातलं आयजीए नावाचं प्रथिन किडनीच्या गाळण्यांत साचत जातं, तिथे सूज धरते आणि वर्षानुवर्षं गाळण्या खराब होत राहतात. दुखत काही नाही. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, रक्तदाब वाढलेला असतो. भांडुपहून ट्रेनने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, आल्यावर स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास असा दिवस असलेल्या बाईने यातल्या थकव्याचं काय मनावर घ्यायचं? ऑफिसच्या वार्षिक तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं निघालं आणि बायोप्सीत नाव कळलं. पुढची काही वर्षं गोळ्यांवर निघाली. मग एका पावसाळ्यात श्वास लागायला लागला, पाणीसुद्धा पोटात ठरेना. ॲडमिट केलं त्याच रात्री मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं.

हिमोडायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. शरीरातलं रक्त नळीने मशीनमध्ये जातं, गाळून परत येतं. त्यासाठी मनगटाजवळ किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला करतात. तो तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. माझा डाव्या हातात आहे. रोज सकाळी उठल्यावर त्यावर दोन बोटं ठेवून आतली थरथर लागते का पाहायचं. थरथर आहे म्हणजे फिस्टुला चालू आहे. त्या हाताचा रक्तदाब घ्यायचा नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, घट्ट बांगडी नाही, पिशवी उचलायची नाही. घाटकोपरला संध्याकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात चढताना तो हात छातीशी धरून उजव्या खांद्याने आत शिरायचं, हे मी शिकले. ओळखीच्या झालेल्या दोघी-तिघी मला खिडकीकडे सरकवून मध्ये उभ्या राहायच्या. आजही दिसल्या की राहतात.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून शहाळं बंद, केळं बंद, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. कमी सोडियमचं म्हणून बाजारात जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. आमच्या एका नातेवाइकांनी काळजीने तेच आणून दिलं होतं, म्हणून मुद्दाम लिहिते: किडनीच्या पेशंटने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. स्टारफ्रूटही नको, ते आपल्यासारख्यांना विषासारखं बाधतं. आणि पाणी. दिवसभराचं पाणी सासूबाई सकाळी एका बाटलीत भरून ठेवायच्या, चहासुद्धा त्यातूनच करायच्या. मे महिन्यात मुंबईत ती बाटली दुपारीच संपायची.

सेंटरवर मला सकाळची शिफ्ट मिळाली. सात ते अकरा. सुया काढून, दाबून धरून, पट्टी बांधून निघेपर्यंत साडेअकरा, आणि अंधेरीला पोचेपर्यंत एक वाजून जायचा. डायलिसिसनंतर अंगातून कुणी सगळं काढून नेल्यासारखं वाटतं. जास्त पाणी काढलं असेल तर पोटऱ्यांत गोळे येतात. अशा अवस्थेत मी बिलं तपासायची, जीएसटीची जुळणी करायची. आमची कंपनी कस्टम क्लिअरिंगचं काम करते आणि मी अकाउंट्सला आहे. महिन्याच्या वीस तारखेच्या आत जे काम व्हायला हवं ते माझ्या शिफ्टसाठी थांबत नाही.

मला वाटायचं, आजारी माणसाला कायद्याने काहीतरी मोठी रजा मिळत असेल. शोधलं तेव्हा कळलं की माझ्यासारख्या खासगी ऑफिसात काम करणाऱ्यांना महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि कामाच्या दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा मिळते. ती साठवून ४५ दिवसांपर्यंत नेता येते. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे त्यांना ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते, तिथे आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळू शकतो. माझा पगार त्या मर्यादेच्या वर. म्हणजे मी साठवलेल्या रजेवर आणि साहेबांच्या मर्जीवर. त्यातून मेडिक्लेम कंपनीचा. नोकरी गेली की तोही जाणार, आणि किडनी गेलेल्या माणसाला नवी पॉलिसी कोण देतं? त्या वर्षी रात्री झोप लागायची नाही ती या हिशेबाने. मरणाची भीती त्यामानाने कमी वाटायची.

ऑफिसात सगळे चांगले वागले. चांगले म्हणजे फळं घेऊन घरी आले (ती मला खाता येत नव्हती), ‘काळजी करू नकोस, आम्ही आहोत’ म्हणाले. एचआरच्या मॅडम प्रत्येक वेळी ‘बघू, काहीतरी करू’ म्हणायच्या. त्या ‘बघू’वर मी कितीतरी महिने काढले. दर महिन्याला पगार कापून येई आणि दर महिन्याला मी पुन्हा विचारी. शेवटी आमच्या विभागाच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि सरळ सांगितलं, “हे बघा, पूर्ण पगार मला वरून मंजूर करून घेता येणार नाही. तुमची सीनिअरची जागाही मी दुसऱ्याला देतोय, कारण ते काम अडतंय. पण जितके तास कराल तितक्याचे पैसे, मेडिक्लेम चालू, आणि दोन दिवस घरून काम, एवढं मी लेखी देऊ शकतो. चालेल का?”

जागा गेल्याचं मला फार लागलं. दहा वर्षं राबून मिळवलेली होती. मेट्रोत उभी राहून रडले. पण त्या रात्री कागदावर हिशेब मांडता आला. किती येणार ते कळलं, म्हणून किती कमी पडणार तेही कळलं. नवऱ्याने एका मॉलमध्ये इलेक्ट्रिशियनची रात्रपाळी कायमची मागून घेतली, कारण तिचा भत्ता जास्त होता आणि सकाळी मला सेंटरवर सोडता येत होतं. सासूबाईंनी मुलाच्या डब्याची जबाबदारी घेतली. साहेबांचं ते बोलणं कठोर होतं असं काही मैत्रिणी म्हणाल्या. मला तसं कधीच वाटलं नाही.

आता घरचं.

डायलिसिस सुरू झाल्यावर ट्रान्सप्लांटचा विषय निघतोच. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा, त्यात २०११ साली दुरुस्ती झाली. जिवंत माणसाला किडनी द्यायची तर आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक धरतात. बाकी कुणाचं असेल तर समितीपुढे जावं लागतं, आणि पैशाचा व्यवहार निघाला तर ५ ते १० वर्षांची कैद आहे. माझा रक्तगट ओ. ओ गटाचं रक्त आणि अवयव इतरांना चालतात, पण ओच्या माणसाला ओच लागतो.

नवरा पहिल्याच दिवशी म्हणाला, माझी घ्या. त्याचा गट बी. दोन जोडप्यांनी आपापसात किडनी बदलायची, अशी स्वॅपची पद्धत आहे, पण त्यातही ओ गटाच्या पेशंटला जोडी मिळायला फार वेळ लागतो. गट न जुळताही ट्रान्सप्लांट करतात, पण त्याची तयारी, औषधं आणि खर्च आमच्या आवाक्याबाहेर. तो दिवस मला आठवतो, तो रिपोर्ट हातात घेऊन सेंटरच्या जिन्यावर बसून राहिला. सासूबाई म्हणाल्या, “मग माझी काढा. मला आता काय करायचीय दोन-दोन?” वय अडुसष्ट, रक्तदाब, आणि कायद्याच्या जवळच्या यादीत सासू नाही. तरी त्यांनी म्हटलेलं मी विसरणार नाही. आईचा गट ओ, पण तिला मधुमेह, डॉक्टरांनी तिथल्या तिथे नाही सांगितलं. राहिला दादा. दादाचाही ओ.

दादा नालासोपाऱ्याला राहतो. स्वतःचा टेम्पो आहे, हप्त्यावर घेतलेला. माल चढवणं-उतरवणं बहुतेक वेळा तोच करतो. दोन मुली लहान. मी त्याच्याकडे मागितली नाही. मागायची कशी? ‘दादा, पन्नास हजार दे’ म्हणता येतं, ‘दादा, किडनी दे’ म्हणता येत नाही. पण आईने मागितली. रडून मागितली, आणि दादा लगेच हो म्हणाला.

तपासण्या सुरू झाल्या. डोनरच्या तपासण्या पुष्कळ असतात: रक्त, लघवी, सीटी अँजिओ, हृदयाची तपासणी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट. हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर बाईंनी आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं आणि मग दादाला एकट्याला आत घेतलं. ही पद्धत मला पुढे फार मोलाची वाटली. ज्याला आतून द्यायची नसेल त्याने एकट्यात सांगावं, नातेवाइकांना फक्त ‘मेडिकली बसत नाही’ एवढंच कळवलं जातं. कुणावर घरात बोट उठू नये म्हणून. दादाने आत जाऊनही होच सांगितलं.

पंधरवड्याने एका रविवारी वहिनी एकटी भांडुपला आली. मुलींना शेजारी ठेवून आली होती. नवरा झोपलेला, सासूबाई देवळात. मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, “ताई, तुम्ही बसा. मी बोलते आणि जाते.” पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सांगितलं तिने सगळं. डॉक्टर म्हणतात, एका किडनीवर माणूस नीट जगतो, ते तिला पटतं. पण ऑपरेशननंतर काही आठवडे वजन उचलायचं नाही. तोवर टेम्पोला माणूस लावायचा तर हप्ता कुठून भरायचा? आणि पुढे कधी ह्यांना काही झालं तर दोन मुलींना घेऊन ती कुणाकडे जाणार? तिला माहेर नाही, आई-वडील दोघंही गेले. “मला नको आहे ताई. कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, त्या रिपोर्टचं काहीतरी सांगतील. मीच नको म्हटलं. उद्या तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही माझं तोंड पाहिलं नसतं. ह्यांनी हो म्हटलंय ते मनापासून म्हटलंय. नाही मी म्हणतेय.”

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. तिला चहा दिला एवढं आठवतं. ती गेल्यावर खिडकीशी उभी राहिले. खूप राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या रागाच्या खाली एक सुटका होती. इतके आठवडे दादाच्या प्रत्येक फोनला मी त्याच्या आवाजात काही अडलंय का ते शोधत होते. आता शोधायचं काही राहिलं नव्हतं.

घरात मात्र वणवा पेटला. आईने वहिनीशी बोलणं टाकलं. मामांनी दादाला ‘बायकोच्या मुठीत’ म्हणून फोनवर सुनावलं. मावशीच्या मुलाच्या लग्नात बायका वहिनीला पाहून गप्प व्हायच्या. दादा शरमेने माझ्याकडे येईना, फोनही घेईना. माझ्या सासरकडची काही माणसं तर असं बोलली की जणू किडनी हुंड्यात ठरली होती. आणि यातल्या एकालाही मी विचारलं नाही की, तुमचा गट कोणता. पण सगळ्यांच्या तोंडी ‘आम्ही असतो तर दिली असती’ हे होतं. तपासणीला चला म्हटलं असतं तर किती आले असते?

मी शेवटी आईकडे गेले. तिला सांगितलं की वहिनी माझ्याकडे येऊन बोलली, पाठीमागून काही केलं नाही. आई म्हणाली, “तुला बरं वाटावं म्हणून तू तिची बाजू घेतेस.” मी म्हटलं, “आई, तुझ्या लेकीची किडनी गेली म्हणून तिच्या पोरींचा बाप मागायचा का गं?” हे बोलल्यावर आई दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. आई-मुलींत असं कधी झालं नव्हतं. तिचं दुःख मला कळतं. तिला स्वतःला द्यायची होती आणि तिचं शरीर नाही म्हणालं होतं. तो सगळा राग वहिनीवर निघाला. अजूनही पूर्ण गेलेला नाही. पण गेल्या दिवाळीला ती नालासोपाऱ्याला जाऊन जेवून आली.

मृत दात्याकडून किडनी मिळावी म्हणून माझं नाव यादीत आहे. मुंबईत ही यादी झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सांभाळतं. नाव हॉस्पिटलमार्फतच नोंदवावं लागतं. वाट पाहणारे हजारोंनी आहेत, आणि ब्रेनडेड झालेल्या माणसाचे नातेवाईक त्या भयंकर वेळी हो म्हणाले तरच किडनी मिळते. त्यामुळे वर्षं जाणार हे धरूनच चाललंय. पण वर्षं जाणार असतील तर ती आठवड्यातून तीन सकाळी सेंटरवर घालवून नोकरी टिकणार नव्हती. तेव्हा नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, सीएपीडीचं सुचवलं, म्हणजे घरच्या घरी पोटातून करायचं डायलिसिस.

याबद्दल आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. पोटाच्या आतल्या पडद्यालाच गाळणी म्हणून वापरायचं. बेंबीजवळून एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, काही तास आत ठेवायचा, मग तो काढून ताजा भरायचा. दिवसातून चार वेळा, रोज, सुट्टी नाही. द्रवात ग्लुकोज असतं, त्यानेच शरीरातलं जादा पाणी ओढलं जातं. त्यामुळे वजन आणि साखर वाढू शकते. प्रथिनं बाहेर जातात, म्हणून अंडी, मासे, डाळ जास्त खावी लागते. पण पोटॅशियमचं आणि पाण्याचं बंधन बरंच सैल होतं. शहाळ्याचे दोन घोट मिळाले त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

एका वेळेला अर्धा तास लागतो. दार-खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. पिशवीची तारीख पाहायची, गळते का ते दाबून पाहायचं. आधी पोटातला द्रव खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत उतरवायचा, मग वर टांगलेली भरायची. नर्सने शिकवलेली एक गोष्ट मी रोज करते: उतरलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची. फिकट पिवळ्या पाण्यातून खालची अक्षरं वाचता आली की ठीक. गढूळ दिसली, अक्षरं पुसट झाली तर पोटात जंतुसंसर्ग, तडक हॉस्पिटल. आमच्याकडे कालनिर्णयाची जुनी पानं त्यासाठी ठेवलेली आहेत. मग पिशवी काट्याला लावून वजन, आणि वहीत नोंद: किती भरलं, किती निघालं, फरक किती. हिशेब ठेवणं हा माझा धंदाच आहे, ती वही मला कधी जड गेली नाही.

आमचं घर तीनशे फुटांचं. महिन्याच्या सव्वाशेच्या आसपास पिशव्या खोक्यांतून येतात. ती खोकी भिंतीला लावून, वर गोधडी टाकून मुलाचा पलंग झाला. महिना सरत येतो तसा त्याचा पलंग खाली खाली जातो. तो दहावीला होता त्या वर्षीचं मला वाईट वाटतं. संध्याकाळची पिशवी तोच गरम करून ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि घामाने निथळत तिथेच इतिहास वाचत बसायचा. मी बाहेर जा म्हटलं की म्हणायचा, “आई, तू मास्क लाव.” पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला आईच्या पोटातून काय निघतं ते लिटरमध्ये पाठ असावं का? मला याचं उत्तर नाही. मार्चमध्ये मी हट्टाने संध्याकाळचं सगळं स्वतः केलं आणि त्याला मित्राकडे अभ्यासाला धाडलं.

नवरा-बायकोचंही लिहायला हवं, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. नळी बसवल्यावर नवरा खाली चटई टाकून झोपू लागला. मला वाटलं, किळस आली. पोट सतत दोन लिटरने फुगलेलं, कपडे सगळे मोठे शिवून घेतलेले, आरशात पाहवत नव्हतं. कितीतरी दिवस आम्ही फक्त गोळ्या, बिलं आणि मुलगा एवढंच बोलत होतो. एकदा ओपीडीत मी नर्सला हळूच विचारलं. तिने त्याला आत बोलावलं आणि नळी कशी चिकटपट्टीने बांधून ठेवायची, कशाने काही होत नाही, ते आम्हा दोघांना बसवून सांगितलं. तो म्हणाला, “मला वाटलं झोपेत हात लागून निसटेल.” एवढंच कारण होतं. रात्रपाळी करून आलेला माणूस त्या भीतीने जमिनीवर झोपत होता.

राहिलं ऑफिस. चारपैकी दुपारची पिशवी ऑफिसातच बदलावी लागणार होती. या वेळी मी ‘बघू’ची वाट पाहिली नाही. साहेबांकडे एक कागद नेला. त्यावर लिहिलं होतं: दार बंद होणारी स्वच्छ खोली, रोज दुपारी अर्धा तास, हात धुवायला जवळ बेसिन, भिंतीला एक हुक, कपाटाचा एक खण. बदल्यात आठवड्याचे सगळे दिवस पूर्ण वेळ. सोबत डॉक्टरांचं पत्र. त्यांनी कागद वाचून विचारलं, “एवढंच?” जुन्या फायलींची एक छोटी खोली होती. शिपाईकाकांनी ती दोन दिवस घासून काढली, भिंतीला चुना दिला आणि स्वतःच हुक ठोकला. आता दुपारी तिथलं दार बंद असलं की बाहेर कुणी टकटक करत नाही. माझा पूर्ण पगार परत सुरू झाला. जुनी जागा मिळाली नाही, ती ज्याला दिली तो चांगलं काम करतो आणि मी त्याच्या हाताखाली आहे.

पैशाची बाजूही सांगते. सेंटरवरचं डायलिसिस मेडिक्लेममध्ये बसत होतं, घरचं माझ्या पॉलिसीत बसत नाही. द्रवाचाच महिन्याला पंचवीस-तीस हजार खर्च आहे. पगाराचा मोठा वाटा त्यात जातो. पण काम केलं तर तो वाटा येतो तरी. इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत (१९६१च्या कायद्यातलं ८०डीडीबी कलम) किडनी निकामी झालेल्यांच्या उपचारावर साठीच्या आतल्या माणसाला ४० हजारांपर्यंत वजावट आहे, तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. आमच्या ओपीडीतल्या कित्येकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना मी कागद भरायला मदत करते. ट्रस्टची स्वस्त डायलिसिस सेंटर मुंबईत बरीच आहेत. सरकारी रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस मिळावं म्हणून २०१६ पासून पंतप्रधानांच्या नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, राज्याची महात्मा फुले योजना आहे. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारावं, लाजू नये.

वहिनीशी मी पुन्हा कधी बोलू लागले, याचा एक दिवस सांगता येणार नाही. ती भांडुपला येऊन गेल्यावर दर गुरुवारी तिचा मेसेज यायचा, ‘ताई, कशा आहात’. मी आधी फक्त अंगठा पाठवायची. मग एकदा द्रवाची गाडी पावसात अडकली, घरात दोनच पिशव्या उरल्या आणि वितरकाचं गोडाऊन भिवंडीच्या बाजूला. मी दादाला फोन केला, तो उचलेना. तिला केला. तिने त्याच्या हातात फोन दिला आणि रात्री अकराला टेम्पो भांडुपला उभा होता. दादाने खोकी एकेक करून वर आणली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी जिन्यात त्याच्याकडे पाहत उभी होते. तो मध्येच थांबून म्हणाला, “रागावलीस ना माझ्यावर?” मी म्हटलं, “खोकं खाली ठेव आधी, कमरेत भरेल.” तो बसून रडला, मग आम्ही दोघांनी भात खाल्ला.

तेव्हापासून महिन्याची खोकी दादाच आणतो. पैसे घेत नाही, डिझेलचे मी बळेच देते.

यंदा गणपतीला कणकवलीला जायचं ठरलंय. सेंटरवर होते तेव्हा चार दिवस गाव सोडा, दोन दिवस पुण्यालाही जाता येत नव्हतं. साहेबांनी चार दिवस रजा आणि तीन दिवस तिथून लॅपटॉपवर काम असं मंजूर केलंय. गावच्या घरात फरशी फक्त माजघराशेजारच्या खोलीत आहे. वहिनीने काल फोन करून सगळं विचारलं: पिशवी टांगायला खिळा किती उंचीवर हवा, खिडकीला जाळी चालेल की कापड लावू, आरतीच्या वेळी धूप असतो तेव्हा खोलीचं दार कोणत्या बाजूने बंद ठेवायचं, इलेक्ट्रिक गेली तर पिशवी गरम कशी करायची. मी सांगत गेले, ती लिहून घेत होती. आईही तिथे असणार आहे का, हेही तिने विचारलं. मी म्हटलं, असणार आहे. ती जरा थांबली आणि म्हणाली, “बरं. मग खोकी किती धरू?” मी वही उघडून हिशेब केला. रोजच्या चार, वर चार जादा, जाता-येता ट्रेनमधल्या वेगळ्या. टेम्पो चतुर्थीच्या तीन दिवस आधी रात्री निघेल. मागच्या बाजूला मखराचं सामान आणि पुढे, उन्हाची झळ लागणार नाही अशी, माझी खोकी.